शाळेचा फोन असेल तरच

सोमवार, २४ नोव्हेंबर २०२५

आजपासून मी परिणामकारक माणूस होणार आहे. दीड महिन्याने बेकार माणूस होण्याची दाट शक्यता आहे, तेव्हा मधल्या वेळात हे उरकून घ्यावं म्हणतो.

झालं ते असं. शुक्रवारी निरंजनने, म्हणजे माझ्या मॅनेजरने, मला मीटिंगरूममध्ये बसवून स्वतःच्या हाताने पाणी दिलं. आमच्या हिंजवडीच्या ऑफिसात कुणी स्वतःहून पाणी दिलं की ओळखायचं. माझा प्रोजेक्ट संपला, मी बेंचवर. नऊ जानेवारीपर्यंत क्लाउडची परीक्षा पास व्हायची, किंवा तोवर दुसऱ्या एखाद्या प्रोजेक्टने उचलायला हवं. दोन्ही न झाल्यास राजीनामा आपणच द्यायचा, कारण कंपनी कुणाला काढत नाही. बेंचवरच्यांनी ऑफिसात यायचीही गरज नाही, खुर्च्या कमी आहेत. माझ्या खुर्चीने मात्र नोकरी टिकवली.

बायकोला, सुलक्षणाला, सांगितलेलं नाही. परीक्षा पास झालो की सांगेन, म्हणजे वाईट बातमी आणि चांगली बातमी एकाच वाक्यात उरकेल. तोवर रोज साडेआठला डबा आणि लॅपटॉप घेऊन ‘ऑफिसला’ निघायचं.

जायचं कुठे, तर आमच्या नांदे गावातच, ओढ्यापलीकडे. तिथे विलासचं भाताचं रान आहे आणि रानाच्या कडेला पाण्याच्या मोटारीची खोली. मोटार गेली, खोली उरली. विलास माझ्या ओळखीचा. त्याने किल्ली दिली आणि कशाला हवी ते विचारलं नाही. जमिनीचा व्यवहार अडकल्यापासून तो कुणालाच काही विचारत नाही. भात निघाल्यावर त्याने खतासाठी रानात मेंढरं बसवली आहेत. दीडशे मेंढ्या, एक घोडी, दोन कुत्री आणि त्यांचे मालक, म्हसूमामा आणि बानूबाई. खोलीत नेट येत नाही. सगळे धडे लॅपटॉपवर उतरवून घेतलेत.

ही दैनंदिनी पियूष सरांच्या सांगण्यावरून. त्यांचा ‘एकाग्रतेचे एकवीस पाठ’ हा ऑनलाइन वर्ग मी लावलाय. रोज संध्याकाळी स्वतःला तीन प्रश्न विचारायचे: आज काय साधलं, काय हुकलं, माझं लक्ष कुणी पळवलं. सर स्वतः चोवीस वर्षांचे आहेत आणि अजून त्यांनी कुठे नोकरी केलेली नाही, त्यामुळे त्यांची एकाग्रता अभंग आहे.

आज साधलं: खोली झाडली. हुकलं: बाकी सगळं. लक्ष कुणी पळवलं: फोनने. एकोणनव्वद वेळा उघडला. मोजायचं ॲपच सांगतं, आणि ते बघायला मी त्यातल्या पंधरा वेळा उघडला होता.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

पाठ तिसरा: विचलनाचं साधन विश्वासू माणसाच्या हवाली करा. सरांच्या मते हा माणूस शक्यतो आपला जोडीदार असावा. पण जोडीदाराच्या हवाली करायचं तर जोडीदाराला सगळं सांगावं लागेल. म्हणून बानूबाई.

म्हसूमामा दिवसभर मेंढरं घेऊन टेकडीला असतात. बानूबाई मागे पालापाशी, लहान कोकरांजवळ. मी फोन त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, “मावशी, पाचपर्यंत हा तुमच्याकडे. मी मागितला तरी द्यायचा नाही. फक्त मुलीच्या शाळेतून फोन आला तर मला उठवायचं.”

“साळंचा हाय ह्ये कसं कळायचं? मला वाचाया येत न्हाई.”

“मग उचलून विचारा. शाळेचा नसला तर ठेवून द्या.”

“समद्यांचा उचलू?”

“सगळ्यांचा. पण खोलीकडे यायचं ते शाळेचा फोन असेल तरच. आणि मी इथे बसतो हे घरच्यांना सांगू नका.”

“इचारलं तेवढंच सांगन,” त्या म्हणाल्या आणि फोन कमरेच्या पिशवीत घालून कोकराला बाटलीने दूध पाजायला बसल्या.

सोळा वर्षं मी नोकरीत सूचनापत्रकं लिहितोय. इतकी बिनचूक सूचना आजवर लिहिली नव्हती.

पाचला फोन घ्यायला गेलो तर त्यांनी सगळ्या फोनांचा हिशेब दिला, आले त्या क्रमाने, न अडखळता. एकूण नऊ. “पयला एका पोरीचा, कसलं कार्ड घ्या म्हनती. तिला म्हनलं, बाय, सकाळधरनं किती जनांना इचारलंस? रडाया लागली. मंग तुमच्या आईचा, गुडगा सुजलाय. मंग एक मानूस हिंदी बोलला, मी बी बोलले. मंग मालकिणीचा.”

“काय म्हणाली?”

“तुमी कोन म्हनली. म्हनलं, बानू.”

“आणि?”

“आनि काय? तिनं इचारलं ते सांगितलं.”

घरी गेल्या गेल्या मी सुलक्षणाला आपणहून सांगून टाकलं की ऑफिसात नवीन नियम आलाय, फोन बाहेर जमा करायचे आणि तिथल्या मावशी ते उचलतात. ती आमच्या किमयाची वेणी घालत होती. म्हणाली, “बरं.” मग म्हणाली, “मागून मेंढ्या ओरडत होत्या.” मी सांगितलं की कर्मचाऱ्यांचा ताण कमी व्हावा म्हणून कंपनीने निसर्गाचे आवाज लावलेत. तिने वेणीला रिबन घट्ट बांधली. “बरं,” म्हणाली.

सुलक्षणा फार समंजस आहे.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

साधलं: सहा आठवड्यांच्या अभ्यासाचा तक्ता, चार रंगांत. हुकलं: अभ्यास. कुणी पळवलं: तक्त्याने. हिरवं पेन संपलं म्हणून मारुंजीपर्यंत जाऊन आलो.

मंगळवार, २ डिसेंबर

फोन जवळ नाही, तरी मी परिणामकारक होत नाहीये. ही शक्यता पियूष सरांच्या एकवीस पाठांत कुठेही धरलेली नाही.

फोन नसताना माणूस काय करतो याची आज नोंद ठेवली. पत्र्याच्या पन्हळी मोजल्या, अठरा. मुंग्यांची रांग कुठून निघते ते शोधलं. डबा अकराला उघडून वास घेतला, साडेअकराला अर्धा खाल्ला, बाराला उरलेला खाल्ला आणि एक वाजता जेवायची सुट्टी घेतली. धडा चौथा चार वेळा सुरू केला. धड्यातला माणूस ‘चला तर मग’ म्हणतो तिथपर्यंत आता मला पाठ आहे.

सुट्टीत खिडकीतून पाहिलं तर बानूबाई पालाबाहेर बसून फोनवर बोलत होत्या. शाळेचा नसला तर ठेवून द्यायचं, ही सूचना त्यांनी आपल्या सोयीने सैल केलेली दिसते. पंधरा मिनिटं तरी बोलत असाव्यात. संध्याकाळी विचारलं, एक वाजता कोण होतं?

“मालकीण. रोज एकलाच करती.”

“मी नसतो हे माहीत असून?”

“व्हय.”

काय बोलते ते विचारावं असं क्षणभर वाटलं. पण दुसऱ्याच्या बोलण्यात नाक खुपसणं हे पाठ सातमध्ये विचलनांच्या यादीत आहे. म्हटलं, पुढचं सांगा.

आईचाही मला रात्रीच्या फोनवर निरोप मिळाला. तिकडून, अहमदपुरातून: “तुझ्या ऑफिसातल्या बाई लई गुणाच्या आहेत बघ. सगळं ऐकून घेतात. तुझ्यासारखं नुसतं हं-हं करत नाहीत.” चाळीस वर्षांच्या मुलाला आईने आणखी काय सांगावं.

शुक्रवार, ५ डिसेंबर

आज पाचला मेंढरं लवकर परतली, म्हणून कोकरं सोडताना पाहता आलं. दिवसभर कोकरं मागे आणि आया टेकडीवर. मेंढरं वाघरीत शिरली, म्हणजे रात्री त्यांच्याभोवती लावतात त्या जाळीच्या कुंपणात, की दोन्हीकडून असा ओरडा सुरू होतो की आमची सोसायटीची सभा बरी. त्या गोंधळात बानूबाई एकेक कोकरू उचलतात, दोन पावलं चालतात आणि नेमकं त्याच्या आईखाली ठेवतात. एकही चूक नाही. माझ्या डोळ्यांना सगळ्या मेंढ्या एकच दिसत होत्या.

“ओळखता कशा?”

“आवाजावरनं. आयचा येगळा, पोराचा येगळा. मानसाचा बी कळतुया की. तुमच्या आयला दुखत असलं तर ती आदी हसती. आन मालकिणीचा घसा बसलाय चार दिस झालं. त्यांना गरम पानी घ्याया सांगा.”

सुलक्षणा सूसला बालवाडीत शिकवते. सकाळी साडेआठ ते साडेबारा. चाळीस पोरं, त्यात घसा बसणारच. मी घरी येऊन सांगितलं, “गरम पाणी घेत जा.” तिने चमकून माझ्याकडे पाहिलं. “तुम्हाला कसं कळलं?” मी म्हटलं, “आवाजावरून.” तिचा चेहरा एकदम असा उजळला की मला अपराधी वाटलं, म्हणून लगेच दैनंदिनी लिहायला बसलो.

गुरुवार, ११ डिसेंबर

पाठ अकरावा: घरातली विचलनं निर्भीडपणे नोंदवा. निर्भीडपणे नोंदवतो.

विचलन एक. जेवण हल्ली उशिरा होतं. पूर्वी मी यायचो तेव्हा कणीक मळलेली असायची. आता सुलक्षणा माझ्यामागून पावणेसातला येते. म्हणते, शाळेत काम असतं. बालवाडीत एवढं काय काम असतं, पोरं तर झोपतात.

विचलन दोन. किमया. खरंतर ही तक्रार नाही, कौतुक आहे. पूर्वी सातला अभ्यासावरून रडारड असायची. आता ती येते तेव्हा गृहपाठ झालेला असतो. म्हणते, “मी आईच्या शाळेतच करते, तिथे टेबल आहे.” नऊ वर्षांच्या मुलीला स्वतःची शिस्त कळली. वडिलांना रोज लिहिताना बघून मुलं शिकतात, असं पियूष सरांनी पाठ दोनमध्येच सांगितलं होतं.

विचलन तीन. सुलक्षणाचा रोजचा प्रश्न. ताटं वाढली की ती विचारते, “आज ऑफिसात काय झालं?” पूर्वी कधी विचारायची नाही. मी काहीतरी सांगतो. आज सांगितलं की कँटीनमध्ये नवीन डोसेवाला आलाय. ती भाकरी मोडायची थांबली आणि म्हणाली, “आणखी काही सांगायचंय?” मी म्हटलं, चटणी पातळ असते. ती उठून आत गेली आणि बराच वेळ नळ सुरू होता.

असे प्रश्न आले की माझी लिंक तुटते. उद्यापासून ताट घेऊन खोलीत बसावं का?

मंगळवार, १६ डिसेंबर

आज चुकलो. हे लिहायची इच्छा नाही, पण सर म्हणतात, जे लिहावंसं वाटत नाही तेच लिहा.

साडेअकराला दारावर थाप. पाचवा धडा, पहिल्यांदाच मी ‘चला तर मग’च्या पुढे वीस मिनिटं गेलो होतो. दार उघडलं तर बानूबाई, धापा टाकत. मी विचारलं, “शाळेचा फोन आहे?”

“न्हाई. कोकरू फुगलंय. मामा लांब गेल्यात. तुमची गाडी हाय, जनावराच्या डाक्तराला तेवढं...”

आणि मी ओरडलो. चांगला ओरडलो. म्हटलं, काय ठरलं होतं आपलं? शाळेचा फोन असेल तरच यायचं. इथे माझ्या नोकरीचा प्रश्न आहे आणि तुम्ही कोकरू घेऊन बसलाय. त्या वळल्या. चपला हातात घेऊन बांधावरून पळत परत गेल्या.

चारला कोकरू मेलं. पाचला मी गेलो तेव्हा म्हसूमामा खड्डा बुजवत होते. मी म्हटलं, “मामा, मला कळलं नाही एवढं असेल.” ते म्हणाले, “असू द्या सायेब. तुमचं बी काम हाय.” त्यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. बानूबाईंनी फोन दिला आणि सगळ्या फोनांचा हिशेबही दिला. आठ फोन, आले त्या क्रमाने. एकही गाळला नाही.

वीस मिनिटं मिळवली होती, तीही वाया गेली. दिवसभर बानूबाईंच्या धापा ऐकू येत राहिल्या.

घरी सुलक्षणाने विचारलं, “आज ऑफिसात काय झालं?” मी म्हटलं, “काही नाही.” ती म्हणाली, “काहीच नाही?” मला एकदम वाटलं की हिला सगळं सांगून टाकावं, कोकराचंही. पण कोकराचं सांगायचं तर खोलीचं सांगावं लागतं, खोलीचं सांगायचं तर बेंचचं.

मंगळवार, २३ डिसेंबर

पाचला फोन घेतला. बानूबाईंनी सुरुवात केली. “पयला तुमच्या निरंजन सायबाचा. म्हनले, दयानंद कुटं हाय? म्हनलं, काम करत्यात. म्हनले, एका कामावर जागा निगालीय, लगीच फोन करा म्हनावं, एकच्या आत. दुसरा बी त्यांचाच. तिसरा तुमच्या आईचा, गुडगा बरा हाय. चौथा निरंजन सायबाचा, एकला पाच कमी असताना. म्हनले, आता दुसऱ्याला घेतो, नाईलाज हाय.”

“मावशी! मला का नाही उठवलंत?”

“साळंचा न्हवता.”

“अहो, पण नोकरीचा फोन होता! तो निरंजन... त्याच्यासाठीच तर...”

“तुमीच म्हनलात, साळंचा असला तरच. मी आले व्हते गेल्या मंगळवारी बिनसाळंची. तवा काय म्हनलात ते मला याद हाय.” आवाज चढवला नाही त्यांनी. “मी उठले व्हते सायेब. दारापातूर आले आन परत गेले. दोनदा.”

मला रागवायचं होतं. मी तोंड उघडलं आणि रागवायला माणूसच सापडेना. महिन्याभरात माझी एकच गोष्ट परिणामकारक झाली होती, ती म्हणजे ही सूचना.

निरंजनला फोन केला. तो म्हणाला, “यार, तुझ्या सेक्रेटरीबाईंना तीन वेळा सांगितलं. बाई छान बोलतात हां. मला विचारलं, तुम्ही जेवलात का.” मग म्हणाला, “परीक्षा आहे ना अजून. मन लावून कर.”

शुक्रवार, २६ डिसेंबर

सुलक्षणाला सांगायचं ठरवलं. बुधवारी ती दमलेली होती. काल किमयाचं स्नेहसंमेलन होतं, किमया झाड झाली होती. आज रविवारी सांगू असं ठरवलं, कारण आज शुक्रवार आहे.

पियूष सरांचा एकविसावा पाठ झाला. शेवटी ते म्हणाले, कठीण काम दिवसाच्या सुरुवातीला करा. प्रमाणपत्र आलं, त्यावर माझं नाव दयानंदचं दयाघन झालंय.

सोमवार, ५ जानेवारी २०२६

रविवारी नाही सांगितलं. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही.

पण अभ्यास करतोय, खरोखर. तक्ता फाडून टाकला. रोज सहा तास होतात. आता लक्ष लागतं, कारण घाबरलोय. हे कुठल्याच पाठात नव्हतं. अडचण एवढीच की सहा आठवड्यांचं चार दिवसांत बसवायचंय.

बानूबाई कमी बोलतात माझ्याशी. फोनांचा हिशेब देतात तेवढाच. आज मीच विचारलं, “एकचा आला होता का, मालकिणीचा?”

“आला व्हता.”

“काय म्हणते?”

पहिल्या दिवसानंतर हा प्रश्न मी आजच विचारत होतो. “ते तुमी तिला इचारा. हिकडचं तिकडं करायची मला सव न्हाई. तुमचं बी तिला कंदी सांगितलं न्हाई.”

एकाच घरातली दोन माणसं रोज एकाच बाईशी बोलतात आणि ती बाई कुणाचं कुणाला सांगत नाही. आमच्या कंपनीची माहिती-सुरक्षा यांच्याकडे द्यायला हवी.

शुक्रवार, ९ जानेवारी

सत्तर लागतात. एकसष्ट पडले. परीक्षेच्या पडद्यावर निकाल लगेच येतो, खाली एक हसरा चेहरा असतो आणि ‘तुमचा अनुभव कसा होता’ असं विचारतात. मी पाच चांदण्या दिल्या.

केंद्रात फोन नेता येत नाही, म्हणून सकाळी बानूबाईंकडेच ठेवला होता. तीनला रानात पोचलो. वाघरी गुंडाळलेल्या, पाल उतरवलेलं, म्हसूमामा घोडीवर सामान बांधत होते. विलासच्या रानाला पुरेसं खत झालं, मुक्काम हलला. आणि बांधाला सुलक्षणाची स्कूटर लावलेली. ती बानूबाईंच्या शेजारी दगडावर बसली होती, शाळेचं ओळखपत्र गळ्यात, मांडीवर कोकरू.

मला पळून जावंसं वाटलं. चाळिशीचा माणूस, भाताच्या रानातून, लॅपटॉपसकट.

“या,” सुलक्षणा म्हणाली. आवाज पार बसलेला.

बानूबाईंनी फोन माझ्या हातात दिला. “आज हिशेब न्हाई. ज्यांचा फोन यायचा त्या सोता आल्यात.” आणि त्या म्हसूमामांना हात द्यायला गेल्या.

“कधीपासून?” मी विचारलं.

“पहिल्या दिवसापासून. त्यांना विचारलं, तुम्ही कोण, म्हणाल्या, बानू, मेंढरांची. पुढे विचारलं, तुम्ही आत्ता कुठे आहात, म्हणाल्या, नांद्यात, विलासच्या रानात. तुमचं मी विचारलंच नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर आले. तुमची गाडी होती. खिडकीतून दिसलात. पट्टी घेऊन चौकोन आखत होता, हिरव्या पेनाने.”

त्या तक्त्यात मंगळवार-बुधवार हिरवे होते, एवढं आठवलं.

“मग निरंजन भाऊजींना फोन केला. त्यांना वाटलं, मला माहीत आहे. सगळं बोलले. त्याच संध्याकाळी शाळेच्या मोठ्या बाईंना विचारून मी दुपारचं पाळणाघरही घेतलं. साडेबारा ते सहा. किमयाला शाळा सुटली की तिथेच बसवते.”

घसा. पावणेसात. टेबल. मी हे सगळं वहीत लिहून ठेवलं होतं, तारीखवार, विचलन म्हणून.

“एवढं सगळं माहीत होतं तर बोलली का नाहीस?”

“रोज जेवताना विचारत होते की.” ती कोकराच्या कानाशी चाळा करत राहिली. “आणि रोज एकला फोन करत होते. वाटायचं, एखाद्या दिवशी तुम्ही उचलाल. मग त्याच म्हणायच्या, मालकीण, जेवलीस का? मग मी त्यांच्याशीच बोलायचे.”

मला वाटलं, ती चिडेल. ती चिडली असती तर मी काहीतरी टोमणा मारला असता आणि वेळ निभली असती. मी म्हटलं, “आता तुला सगळं माहीतच आहे.”

“मला निरंजन भाऊजींकडून माहीत आहे. तुमच्याकडून नाही. सांगा.”

“आता काय सांगायचं त्यात?”

“सांगा.”

तिकडे म्हसूमामांनी हाळी दिली आणि मेंढरं उठली. बानूबाई कोकरू न्यायला आल्या, आमच्याकडे पाहिलं आणि न घेताच वळल्या. मी सुलक्षणासमोर ढेकळांत बसलो. म्हणालो, “माझी नोकरी गेली. नोव्हेंबरातच जायला निघाली होती. तुला सांगायची भीती वाटली. आज परीक्षाही नापास झालो.” चार वाक्यं. अर्धं मिनिटही लागलं नाही.

तिने मान हलवली, जणू पहिल्यांदाच ऐकतेय. मग कोकरू छातीशी धरून रडायला लागली, हुंदके देऊन, बसलेल्या घशाने. मला कळेना. म्हटलं, अगं, तुला तर दीड महिना ठाऊक होतं. ती नुसती मान हलवत राहिली. मग माझ्या टाळक्यात शिरलं की मी सांगितलंच नव्हतं, म्हणून इतके दिवस तिला रडताही आलं नव्हतं.